ध्यानाने इंट्युशन वाढतं का, आणि ती भीती नाही हे ओळखायचं कसं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २८, पुण्यात आयटीत नोकरी, आठ-नऊ महिने रोज सकाळी ध्यान करतेस, मन आधीपेक्षा बरंच शांत झालंय, आणि आता एक स्थळ आलंय ज्यात नाव ठेवायला जागा नाही, शिक्षण पगार घर पत्रिका सगळं जुळतंय, पण मुलाला भेटून आल्यापासून "आतून नाही म्हणतंय". घरचे म्हणतात लग्न म्हटलं की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, भीती आहे ती, जाईल. आणि तू विचारतेस की ध्यानाने इंट्युशन जागं होतं असं सगळीकडे वाचलंय तर हे तेच का, आणि ते अजून पक्कं कसं करायचं. अगंतुगं करतेय कारण माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, राग मानू नकोस.

माझ्याबद्दल एवढंच की मी नोकरीभर एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते, आणि तरुणपणी इगतपुरीला विपश्यनेचा, म्हणजे दहा दिवस मौनात राहून ध्यान शिकायचा, पहिला कोर्स केला तेव्हापासून ध्यानाला बसते. आता रिटायर झाल्यावर कॉलनीतल्या काही जणी सकाळी माझ्याकडे येतात, आम्ही एकत्र बसतो, मी आचार्य वगैरे काही नाही. पण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आयुष्यात चालू होत्या म्हणून तुझ्या प्रश्नावर मला बोलायला आहे.

सरळ उत्तर आधी देते. ध्यानाने इंट्युशन तयार होत नाही. जे तू पाहिलेलं ऐकलेलं असतं पण ज्याच्याकडे लक्ष गेलेलं नसतं, ते ध्यानामुळे लक्षात यायला लागतं, कारण वरचा गोंगाट कमी होतो. मिक्सर चालू असताना मागे दूध उतू जातंय हे कळत नाही, बंद केला की लगेच कळतं, पण मिक्सर बंद केल्याने गॅसवर दूध येत नाही, ते आधी कोणीतरी ठेवलेलं असावं लागतं. हा दुसरा भाग लोक सोडून देतात आणि मग मन शांत झालं की शेअर मार्केटपासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं आपोआप कळेल असं धरून चालतात. कळत नाही गं. मी चांगले मुरलेले साधक पाहिलेत, तीस तीस वर्षं बसणारे, आणि चिटफंडात पैसे घालवणारे.

आता मन शांत होतं म्हणजे नक्की काय होतं ते बघ. विचार बंद पडतात असं कोणी सांगितलं असेल तर विसर. इगतपुरीला पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं, आणि दिवसभरात मिळून दहाएक तास बैठक. पहिले तीन दिवस फक्त आनापान, नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे तिथे श्वास येतोय जातोय ते बघत राहायचं, दुसरं काही नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही. बोलायचं नाही, फोन आधीच जमा केलेला. पहिल्या दिवशी दहा श्वाससुद्धा सलग बघता येत नाहीत आणि आपलं मन किती उंडारतं हे बघून माणूस हादरतो. हे तुझ्या माझ्यापुरतं नाही, हार्वर्डच्या दोघा जणांनी २०१० मध्ये लोकांना दिवसभरात मधेच फोनवर विचारून बघितलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या संवेदना बघत जायचं, खाज, कळ, गरम, जड, मुंग्या, जे असेल ते, आणि त्यावर काही करायचं नाही. खाज आली तरी खाजवायचं नाही.

खाज न खाजवणं म्हणजे बावळटपणा वाटतो पहिल्यांदा, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्समधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. कारण तिथे तुला आयुष्यात पहिल्यांदा दिसतं की शरीरात काहीतरी झालं आणि त्यावर मी काहीतरी केलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे थोडी जागा आहे. एरवी ती जागा दिसतच नाही. पोटात गोळा आला की आपण त्याच क्षणी "हे नको" म्हणतो किंवा "गप्प बस" म्हणतो. बघत कोणी नाही. तुझ्या प्रश्नाला ध्यानाचा उपयोग आहे तो एवढ्या जागेपुरता, पण तो खूप मोठा उपयोग आहे.

आता दूध गॅसवर कुठून येतं ते सांगते, इथे जरा लांबण लावणार आहे.

आमच्या वॉर्डात हजार-बाराशे ग्रॅमची बाळं असायची, दिवस पूर्ण न भरलेली. अशा बाळाला इन्फेक्शन झालं तर ते ताप येऊन नीट सांगत नाही, उलट थंड पडतं, आणि सुरुवात अगदी बारीक असते, काही तासांत मात्र सगळं हाताबाहेर जाऊ शकतं. रक्ताचं कल्चर पाठवलं तर खात्रीचा रिपोर्ट यायला ४८ तास वगैरे लागतात, म्हणजे वाट बघत बसणं परवडतच नाही. आणि नाईटला हँडओव्हर घेताना एखादी जुनी सिस्टर वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यापाशी, थांबायची आणि म्हणायची, हे बाळ आज मला बरं वाटत नाहीये. मॉनिटरवर सगळं नॉर्मल, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन नॉर्मल, हार्ट रेट नॉर्मल. नवीन रेसिडेंट डॉक्टर असेल तर वैतागायचा, बरं वाटत नाही म्हणजे काय सिस्टर, काय लिहू मी पेपरवर? आणि अनुभवी डॉक्टर असेल तर काही न विचारता उठायचा, बाळ तपासायचा, कल्चर आणि सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) पाठवायचा.

त्या सिस्टरला कुठली शक्ती होती का? तिला नीट खोदून विचारलं की सगळं बाहेर यायचं. रंग जरा मातकट वाटला. पाय थंड लागले पोटाच्या मानाने. मागच्या फीडचं दूध पोटात थोडं शिल्लक निघालं. पोट किंचित ताठ. सुई लावली तर काल जसं चिडून रडलं तसं आज नाही रडलं. एकेक गोष्ट सोडली तर काहीच नाही, पण पाच मिळून तिच्या डोक्यात घंटा वाजलेली असायची आणि घंटा आधी वाजायची, कारणं नंतर. अमेरिकेत गॅरी क्लाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या सहकारी बेथ क्रँडल यांनी एनआयसीयूतल्या नर्सेसना असंच एकेक केस घेऊन विचारलं होतं, १९९३ ला ते छापून आलं. त्या नर्सेसही आधी हेच म्हणत होत्या की अनुभवाने कळतं, सांगता येत नाही, आणि मग एकेक खूण बाहेर आली, त्यातल्या काही खुणा तेव्हाच्या पुस्तकांत नव्हत्याच. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं खरं सांगायचं तर, कारण आमच्याकडे सिस्टरला वाटतंय या वाक्याला किंमत मिळायला अर्धी नोकरी जायची.

आणि यात महत्त्वाचं हे की दोन दिवसांनी रिपोर्ट यायचा. तू बरोबर होतीस की नव्हतीस हे कळायचंच. वर्षानुवर्षं रोज असं अंदाज, रिपोर्ट, अंदाज, रिपोर्ट. तिथून येतं ते इंट्युशन. नवीन लागलेली मुलगी, कितीही ध्यान करणारी असली तरी, त्या बाळाकडे बघून तिला काही वाटलं नसतं, आणि वाटलं असतं तर त्यावर मी विश्वास ठेवला नसता.

हेच क्लाइन आणि डॅनियल काहनमन (अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, आणि माणसाच्या अंदाजांवर अजिबात विश्वास नसलेले) या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलं. दोघे विरुद्ध टोकाचे, एकाने आयुष्यभर फायर ब्रिगेडवाल्यांचे आणि नर्सेसचे अचूक अंदाज गोळा केले, दुसऱ्याने तज्ज्ञ कसे तोंडावर पडतात ते. बसून वाद घालायला गेले आणि बऱ्यापैकी एकमत झालं. आतल्या आवाजावर विश्वास कधी ठेवायचा तर त्या विषयात काहीतरी नियमितपणा असला पाहिजे, आणि तुला त्यात खूप सराव आणि चूक-बरोबर लगेच कळण्याची सोय मिळाली असली पाहिजे. आजारी बाळ, आग, बुद्धिबळ, यात दोन्ही आहे. कुठला शेअर वर जाईल, निवडणूक कोण जिंकेल, यात नाही. लग्न यात कुठे बसतं ते तूच सांग. तुझं लग्न झालेलंच नाहीये, तर हा मुलगा वीस वर्षांनी कसा निघेल याबद्दल तुझ्याकडे अनुभवाचा साठा कुठून असणार? पण माणसं ओळखायचा साठा मात्र तुझ्याकडे अठ्ठावीस वर्षांचा आहे, कोण खोटं हसतंय, कोण ऐकतंय आणि कोण फक्त आपली पाळी यायची वाट बघतंय, हे तुला कळतं आणि चांगलं कळतं. तेव्हा "हा नवरा म्हणून वाईट निघेल" असं आतून आलं तर ते भाकीत आहे, सोडून दे. "त्या भेटीत काहीतरी खटकलं" असं असेल तर ते तू पाहिलेलं आहे, ते शोध.

आता भीती आणि हे कसं वेगळं करायचं. यावर नेटवर खूप मिळेल, भीती छातीत असते इंट्युशन पोटात असतं, भीती ओरडते इंट्युशन कुजबुजतं, असलं. माझा अनुभव असा नाही, दोन्ही पोटातच येतात आणि दोन्ही कधी कधी ओरडतात. मला जो फरक सापडला तो वॉर्डातच सापडला. एखादं बाळ गेलं की पुढचे काही दिवस मला प्रत्येक बाळ आजारी दिसायचं. ह्याचा रंग बरा नाही, त्याचा श्वास बरा नाही, दर दहा मिनिटांनी उठून बघायचं. ती भीती. ती एका वॉर्मरपाशी थांबत नाही, सगळ्या वॉर्डात पसरते, आणि तिच्यात मध्यभागी मी असते, माझ्या ड्युटीला काही होऊ नये, मला कोणी विचारू नये. खरी शंका एका बाळाला चिकटलेली असायची, शेजारच्या बाळाकडे बघितलं की पोट मोकळं, परत इकडे आलं की परत तेच. आणि तिच्यात मी फारशी नसायचे.

साधनेने मला वॉर्डात नेमकं काय दिलं तर हे की पोट आवळलं की ते आवळलेलं आधी बघायची सवय लागली. चार श्वास. मग विचारायचं की हे बाळाचं आहे की माझं आहे. पुष्कळदा माझंच असायचं, झोप न झाल्याचं, घरी सासूबाईंशी झालेल्या कटकटीचं. ते बाजूला काढलं की बाळ नीट दिसायचं. हे बसल्याशिवाय जमलं नसतं असं मला वाटतं, निदान मला तरी.

म्हणून तुझ्यासाठी पहिला प्रश्न. हे "आतून नाही" या एकाच स्थळाला येतंय का आधीच्या सगळ्यांना येत होतं? सगळ्यांना येत असेल तर मुलाचा विषयच नाही, तुला आत्ता लग्न नको असेल, किंवा घर सोडायचं टेन्शन असेल, किंवा दुसरं काही असेल जे तुला माहीत आहे आणि इथे लिहिलं नाहीस. एकालाच येत असेल तर मात्र थांबून बघण्यासारखं आहे. भीतीची अजून एक खोड म्हणजे तिला गोष्टी रचायला आवडतं, रात्री पडल्यावर एकाची दहा दृश्यं होतात, तो असा म्हणेल मग त्याची आई तशी म्हणेल मग मी नोकरी सोडेन. सकाळी बैठकीनंतर बघ, रचलेली गोष्ट बरीचशी विरलेली असते. खटकलेली गोष्ट असते तशीच राहते, वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

पण यात एक सावधगिरी आहे आणि ध्यान करणाऱ्यांना ती ऐकायला आवडत नाही. ध्यान केल्याने आपल्याला आतलं जास्त कळतं ही खात्री वाढते, कळणं वाढतंच असं नाही. २००८ मध्ये साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी अनुभवी साधकांना, तिबेटी बौद्ध आणि कुंडलिनीवाले, आणि अजिबात ध्यान न करणाऱ्यांना स्वतःच्या हृदयाचे ठोके आतून ओळखायला सांगितलं. साधक काही सरस ठरले नाहीत. पण आपण चांगलं ओळखतोय असं त्यांना मात्र वाटत होतं. बघ म्हणजे. तसंच ते पत्त्यांचं सांगतात ना सगळ्या मोटिव्हेशनल भाषणांत, १९९७ चा प्रयोग, बेचारा आणि दमासिओ यांचा, की पत्त्यांच्या काही गठ्ठ्यांतून पानं उचलत पैसे जिंकायचे-हरायचे अशा खेळात माणसाला कुठला गठ्ठा तोट्याचा आहे हे कळायच्या आधीच हाताला घाम फुटला, म्हणजे शरीराला आधी कळतं. त्यावर २००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच खेळ घेऊन लोकांना जरा नीट, बारकाईने प्रश्न विचारले तर लोकांना बरंच काही आधीच कळलेलं होतं. हे भाषणात कोणी सांगत नाही. शरीराला काहीच कळत नाही असं नाही म्हणत मी, पण शरीर म्हणजे देववाणी नाही. ॲसिडिटीनेही पोटात गोळा येतो.

यावर उपाय एकच, वही. मी वॉर्डात ठेवायचे आणि कॉलनीतल्या बायकांनाही ठेवायला लावते आणि त्यांना ते ध्यानापेक्षा कंटाळवाणं वाटतं. जेव्हा आतून काही वाटेल तेव्हा तारीख टाकून एक ओळ लिहायची, काय वाटलं आणि किती खात्री वाटली, आणि निकाल लागला की शेजारी बरोबर का चूक. आयटीत आहेस म्हणजे तुला सोपं जाईल, हे रिलीज वेळेत जाणार नाही असं वाटलं, लिही. हा कॅन्डिडेट जॉइन होणार नाही असं वाटलं, लिही. सहा महिन्यांनी तुला दिसेल की एखाद्या विषयात तू चांगली आहेस आणि एखाद्यात तुझं वाटणं नाणेफेकीइतकंच. वही नसेल तर जुळलेलं तेवढं लक्षात राहतं. तिचा विचार केला आणि तिचाच फोन आला, हे सगळे सांगतात, विचार केला आणि नाही आला हे कोण मोजतं?

बसायचं कसं ते थोडक्यात, तुला बरंच येतच असेल. विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजी सकाळ संध्याकाळ एकेक तास सांगायचे, नोकरी करणाऱ्याला ते जमतंच असं नाही, सकाळी चहाच्या आधी अर्धा तास रोज जमला तरी खूप आहे, पण रोज. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बस, त्याने काही पुण्य कमी होत नाही. पेंग आली तर काही श्वास मुद्दाम जोरात घ्यायचे, नाहीच गेली तर तोंडावर पाणी मारून यायचं. जप करत असशील तर जप सोडून श्वासावर ये असंही मी म्हणणार नाही, एक काहीतरी धर आणि दर महिन्याला पद्धत बदलत फिरू नकोस. बैठकीत भारी कल्पना सुचतात, ऑफिसचा अडकलेला बगसुद्धा सुटतो, उठून लिहायचा मोह होतो. उठायचं नाही. खरंच कामाची असेल तर नंतर आठवते.

आणि बसताना प्रश्न घेऊन बसू नकोस. हे मी जोर देऊन सांगते कारण इंट्युशनसाठी ध्यान करणारे नेमकं हेच करतात, डोळे मिटायचे आणि आत विचारायचं की होकार देऊ का नकार. मग जे हवंय किंवा ज्याची धास्ती आहे तेच उत्तर म्हणून वर येतं आणि त्याला ध्यानाचा शिक्का लागतो. बैठक बैठकीसारखी होऊ दे. संपली की पाच मिनिटं तशीच बस आणि मग मनात एक वाक्य ठेव, "मी होकार कळवलाय". दोन मिनिटं शरीर बघ, कुठे आवळतं कुठे सुटतं. मग "मी नकार कळवलाय", परत दोन मिनिटं. तीन-चार वेगळ्या दिवशी करून बघ आणि वहीत टाक. याला निकाल समजू नकोस, पण यातून गमतीच्या गोष्टी कळतात. माझ्याकडे येणाऱ्या एकीला दोन्ही वाक्यांना छाती सारखीच आवळायची आणि तिच्या लक्षात आलं की तिला निर्णयाची भीतीच नव्हती, वडिलांना सांगायची होती.

अजून एक, तू लिहिलंयस की बसताना कपाळात निळा प्रकाश दिसतो आणि दोन-तीन स्वप्नं खरी झाली. छान. त्याच्या मागे लागू नकोस. कोर्समध्येही कोणी असं काही दिसल्याचं सांगितलं की सांगतात, दिसलं तर दिसलं, परत संवेदनेवर या. आणि हे फक्त विपश्यनेचं नाही, पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात प्रातिभ ज्ञान (म्हणजे आपोआप स्फुरणारं ज्ञान), दूरचं ऐकू येणं असलं सगळं सांगितलंय आणि लगेच पुढच्याच सूत्रात म्हटलंय की समाधीच्या वाटेत हे अडथळे आहेत, बाहेरच्या जगाला त्या सिद्धी वाटतात. तिसरा डोळा उघडून देणाऱ्या वीकेंड वर्कशॉपची जाहिरात करणारे पहिला अर्धा भाग छापतात. ते मिडब्रेन ॲक्टिव्हेशन आठवतंय का, मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायची आणि आईबाप हजारो रुपये भरायचे? मंगळुरूचे नरेंद्र नायक यांनी ठिकठिकाणी दाखवून दिलं की नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसतं, बाकी काही नाही. इंट्युशनच्या नावाखाली फी मागणाऱ्याकडे जाण्याआधी ते आठव. विपश्यनेच्या कोर्सला फी नाही, ज्याला द्यायचं तो शेवटी दान देतो.

आणि हे तुझ्यासाठी नसेल, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, पॅनिक यांचा त्रास असेल किंवा घरात कोणाला असेल तर एकदम दहा दिवसांच्या मौनात जाऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा, फॉर्ममध्ये लपवू नका, आणि ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. आणि झोप उडालीय, सगळीकडे संकेत दिसतायत, गाडीच्या नंबरात निरोप दिसतोय, डोकं सुसाट पळतंय, तर ते इंट्युशन वाढणं नाही, ती बैठक थांबवून डॉक्टरकडे जायची वेळ आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुझं स्थळ. त्या भेटीचा सिनेमा पहिल्यापासून डोक्यात लाव. कोण कुठे बसलं होतं, पहिलं कोण बोललं, त्याने काय विचारलं, तू काय सांगत होतीस आणि मधेच कोण बोललं. पोट नेमकं कुठल्या वाक्याला आवळलं? त्या सिस्टरला जसं खोदून विचारलं की पाय थंड होते हे बाहेर आलं तसं. कदाचित निघेल की तुला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो आईकडे बघून देत होता. कदाचित निघेल की नोकरीचा विषय निघाला तेव्हा "बघू ना नंतर" म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. आणि कदाचित निघेल की त्याचा आवाज तुझ्या जुन्या मॅनेजरसारखा आहे, बस, बिचाऱ्याचा काही दोष नाही. तिन्ही शक्य आहेत आणि तिन्हींना पोटात गोळा एकसारखाच येतो.

दुसरं, त्याला परत भेट, घरच्यांशिवाय, दोन-तीनदा, आणि कांदेपोहे सोडून साध्या ठिकाणी भेट. ऑर्डर चुकीची आली तर वेटरशी कसा बोलतो, पार्किंग मिळालं नाही तर काय होतं त्याचं, तू नाही म्हणालीस एखाद्या गोष्टीला तर पुढचं वाक्य काय येतं. यातलं तुला वाचता येतं, लग्नानंतरचं भविष्य वाचता येत नाही. आणि इतकं करूनही काही सापडलं नाही आणि तरी नको वाटत असेल तर नको म्हण. नकार द्यायला इंट्युशनचं सर्टिफिकेट लागत नाही. मला वाटतं बऱ्याच मुली हा आतला आवाज शोधत असतात कारण नुसतं "मला नको" म्हटलं तर घरात चालत नाही, देवाने किंवा ध्यानाने सांगितलं म्हटलं की जरा वजन येतं. ते मला समजतं, पण मग साधनेवर नको ते ओझं पडतं.

त्याला भेटून आलीस की आधी वहीत लिही आणि मग आईला फोन कर, उलट नको. आईशी वीस मिनिटं बोललं की आपल्याला काय वाटलं होतं आणि आईला काय वाटतंय याची अशी काही खिचडी होते की मग कितीही बैठका घातल्या तरी ती निवडता येत नाही.